डावीकडचा सेन्सर

ती गाडी आमच्या गॅरेजसमोर येऊन थांबली तेव्हा वडील एका ट्रकच्या बॉनेटमध्ये अर्धे शिरलेले होते. त्यांनी मान बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाले, "ही आपल्याकडे नसेल आली. पत्ता विचारायला थांबली असेल."

तलासरीला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज. गुजरातकडे जाणारे, तिकडून येणारे ट्रक आणि आजूबाजूच्या गावांतल्या पिकअप, हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, वापीला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली आणि मग परत येऊन वडिलांबरोबर उभी राहिले. ट्रकचं काम त्यांचं, स्कॅनर लावून करायचं काम माझं, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती. पण दोन सीटची, जमिनीला चिकटून चालणारी जपानी स्पोर्ट्‌स कार आमच्या दारात तोवर कधी उभी राहिली नव्हती.

दार उघडून एक पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई उतरल्या. कॉटनची साडी, पायात साधी चप्पल, केसांत अबोलीचा गजरा. एवढ्या खालच्या सीटवरून साडी नेसलेलं माणूस इतक्या सहज उठू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

"तू ती इंजिनाचा कॉम्प्युटर बघणारी?" त्यांनी विचारलं.

"हो काकी."

"मग हिला बघ. दोन ठिकाणी दाखवून झालं. समोरचा इंजिनाचा दिवा काय विझत नाही."

काकी चिंचणीच्या. सुक्या मासळीचा त्यांचा धंदा. बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील गोळा करायचे, सुकट, जवळा घाऊकात घ्यायचा आणि पिकअप भरून डहाणू, तलासरी, पार उंबरगावपर्यंतच्या बाजारांत पोचवायचा. पिकअप त्या स्वतः चालवत. नवरा जहाजावर इंजिनरूममध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्याने मागच्या सुट्टीत मुंबईतल्या कोणाकडून ही जुनी गाडी हौसेने घेतली, चार दिवस किनाऱ्याच्या रस्त्यावर फिरवली आणि पुन्हा बोटीवर गेला. गाडी अंगणात उभी राहिली.

"उभी ठेवली तर खाऱ्या वाऱ्याने गंजून मरेल," काकी म्हणाल्या. "म्हणून मीच चालवायला लागले. आणि मग सवय लागली."

ते 'सवय लागली' त्यांनी जरा थांबून म्हटलं.

हे सगळं दोन हजार अठराच्या शेवटी-शेवटी घडलं. आमच्या भागात तेव्हा जमीन हलायला लागली होती. धुंदलवाडीच्या आसपास जोर जास्त, पण धक्के तलासरीतही बसत, डहाणूतही. लोक घरं सोडून अंगणात झोपत होते, काही शाळा मंडपाखाली भरत होत्या. वडिलांनी गॅरेजमधला खड्डा, ज्यात उतरून आम्ही ट्रकच्या पोटाखालचं काम करतो, तो फळ्या टाकून बंद केला होता. त्यात कोणीही उतरायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

मी गाडी चालू करून ऐकली. इंजिन जड श्वास घेतल्यासारखं चालत होतं. सायलेन्सरमधून कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. मी काकींकडे पाहिलं.

"माझ्या अंगाला माशाचा वास येत असेल," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण हा तो नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने मला सांगितलं, काकी, तुम्ही गाडीत मासळी नेता म्हणून वास येतो. या गाडीत मी एक काडी बोंबील ठेवलेला नाही."

"हा जास्तीच्या पेट्रोलचा वास आहे," मी म्हटलं. "इंजिन गरजेपेक्षा जास्त पितंय."

स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरची तक्रार होती. हा सेन्सर म्हणजे धुराच्या नळीत खोचलेली, बोटाएवढी एक वस्तू. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला ते तो बघतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमी सोडायचं की जास्त, ते ठरतं. या गाडीच्या इंजिनाला दोन बाजू, आणि दोन्ही बाजूंना एक सेन्सर पुढे, एक मागे. एकूण चार.

"दोन्ही गॅरेजवाल्यांनी सेन्सरच बदलला ना?" मी विचारलं.

"एकाने बदलला. दुसऱ्याने तोच परत काढून लावला. दिवा विझतो, दोन दिवसांनी लागतो. यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, विकून टाक, माझ्या डोक्याला ताप नको." काकींनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "महिनाभरात ते सुट्टीवर येतायत. त्याच्या आत मला ही नीट करून पाहिजे. चालत्या गाडीला विका म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही."

मी त्यांना दोन दिवसांनी बोलावलं आणि गाडी ठेवून घेतली.

चूक सापडायला मला फार वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर आनंद झाला हे कबूल करते. स्कॅनर सांगत होता, दुसऱ्या बाजूचा पुढचा सेन्सर. आधीच्या मिस्त्रीने डावी बाजू पहिली आणि उजवी दुसरी असं धरून उजवीकडचा बदलला होता. पण पहिली बाजू कोणती हे डावं-उजवं बघून ठरत नाही. पहिला सिलिंडर ज्या बाजूला, ती पहिली. या इंजिनात तो उजवीकडे होता. म्हणजे आजारी सेन्सर डावीकडे तसाच बसून होता. मी बॉनेटमधून हात घालून त्याच्या वायरीच्या टोकाचा कपलर सोडवला आणि मल्टिमीटर लावला. सेन्सरला तापवणारा आतला हीटर पूर्ण तुटलेला.

उजवीकडचा नवा सेन्सर पाहिला तेव्हा दुसरी गंमत कळली. तो कुठल्याही गाडीला चालतो म्हणून विकतात तसला होता. त्याच्या वायरी कापून, जुन्या कपलरला पिळून जोडून, वर काळी टेप गुंडाळली होती. टेपच्या आत हिरवट बुरशीसारखं साचलेलं. चिंचणीची खारी हवा आत शिरलेली. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि या जातीचे सेन्सर ती वायरीच्या आतूनच ओढतात. तो रस्ताच गुदमरला होता. त्यामुळे नवा असूनही तो खोटं सांगत होता, आणि इंजिन त्याचं ऐकून पेट्रोल ओतत होतं.

मागचे दोन्ही मी तासभर गाडी चालवून तपासले. ठणठणीत होते.

काकी आल्या तेव्हा मी सगळं दाखवलं. त्यांनी तिथूनच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं जहाज कुठल्यातरी बंदरात उभं होतं. पडद्यावर पिवळ्या हेल्मेटमधला एक दाढीवाला चेहरा आला. काकींनी फोन माझ्या हातात दिला.

"चारही बदला," काका म्हणाले. "आम्ही जहाजावर असंच करतो. सेट म्हणजे सेट."

"काका, पुढचे दोन बदलू. मागचे चांगले आहेत."

"पुढचे गेले म्हणजे मागचेही म्हातारे झालेच असणार."

"मागचे पेट्रोल ठरवत नाहीत. मधला, धूर साफ करणारा कन्व्हर्टर काम करतोय की नाही, एवढंच बघतात. आणि ते गंजून घट्ट बसलेत. चांगला सेन्सर काढताना नळीचे आटे गेले तर नसलेलं काम वाढेल."

त्यांनी हेल्मेट जरा मागे सारलं. "आकडे बघितलेत?"

"ग्राफ पाठवते."

मी पाठवला. उत्तरात त्यांचा नुसता अंगठा आला. काकी म्हणाल्या, "हे त्यांचं हो असतं. लग्नाच्या वेळेलाही असंच होतं."

आता सेन्सर निवडायचा होता. मुंबईच्या पार्टवाल्याला मी गाडीचा चॅसिस नंबर दिला. तो म्हणाला, गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेला हवा तर बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. दुसरा पर्याय, जो कारखाना कंपनीला सेन्सर बनवून देतो त्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या डब्यातला. तिसरा, तोच वायरी कापून जोडायचा. चौथा, भंगारातल्या गाडीचा. तिसरा आणि चौथा मी ऐकूनही घेतला नाही. दुसरा घेतला, आणि अट घातली की कपलर मूळ हवा आणि वायरीची लांबी मूळ हवी. वायर आखूड असली की ताणली जाते, लांब असली की गरम नळीवर लोंबते.

पार्सल डहाणू रोडला कुरियरच्या दुकानात आलं. काकी तिथे बाजारासाठी यायच्याच होत्या, मीही गेले. दुकानाच्या ओट्यावर आम्ही दोन्ही डबे उघडले. मी जुन्या कपलरचे फोटो आणि मापं बरोबर नेली होती. पहिला नवा अचूक जुळला. दुसराही जुळला, पण मला तो हातात हलका वाटला.

काकींनी दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि वाकून बघत राहिल्या.

"हा निळा तो निळा नाही," त्या म्हणाल्या.

खरंच छपाईचा रंग फिका होता. मग मी लोखंडावरची अक्षरं पाहिली. पहिल्यावर कोरलेली होती, दुसऱ्यावर शाईने छापलेली. नखाने खरवडल्यावर एक अक्षर निघून आलं. मी तिथूनच पार्टवाल्याला फोन केला, दोन्हीचे फोटो पाठवले. तो आधी म्हणाला माल एकच आहे, मग म्हणाला चुकून आला असेल. काकींनी फोन घेतला.

"भाऊ, चूक झाली ना? मग मुंबईच्या गाडीने बदली पाठवा. आमची मुलगी तोपर्यंत गाडीला हात लावणार नाही."

आवाज अजिबात चढला नव्हता. बदली आली, आणि ती खरी होती.

पुढचा प्रश्न, गाडीच्या खाली जायचं कसं. खड्डा बंद. गाडी इतकी बसकी की आमचा जॅक तिच्याखाली शिरेना. वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुठूनतरी मिळवले. गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या आभाळाखाली, ते पायरी-पायरीने रचले आणि वर जायला फळ्यांचा उतार केला. काकींनी स्वतः गाडी वर चढवली. वडील हाताने डावी-उजवी दाखवत होते आणि काकी त्यांच्या हाताकडे न बघता आरशात बघून चढवत होत्या.

"पिकअप बोटीच्या धक्क्यावर उलटी नेते मी," त्यांनी वडिलांना सांगितलं. वडिलांनी हात खाली घेतला.

उजवीकडचा कापजोडीचा सेन्सर लगेच निघाला, कारण तो नवाच होता. त्याच्या जागी खरा बसवून मी डावीकडे वळले. तो नळीशी एकजीव झाला होता. गंजावरचा स्प्रे आदल्या दिवसापासून मारत होते. इंजिन चालू करून नळी तापवली, बंद केलं, हातमोजे घालून खाली सरपटले. या कामाला एका बाजूने चिरलेली गोटी, म्हणजे पान्याच्या टोकाला बसणारी पोकळ टोपी, लागते, म्हणजे वायर चिरेतून बाहेर राहते आणि गोटी सेन्सरवर नीट बसते. ती बसवून मी जोर लावला. हलला नाही.

"लांब पाइप घाल पान्याला," वडील बाहेरून म्हणाले. ट्रकवर ते तसंच करतात.

"आटे जातील, बाबा."

"मग बसून राहा खाली."

मी पुन्हा जोर लावणार, तेवढ्यात जमिनीच्या आतून आवाज आला. लांबून अवजड काहीतरी घरंगळत यावं तसा, आणि मग एकच दणका. माझ्या पाठीखालची माती उसळली. छातीवर वीतभर अंतरावर असलेली गाडी डाव्या अंगाला झुकली आणि स्लीपर करकरले. माझ्या दोन्ही घोट्यांना कोणीतरी धरलं आणि मी पाठीवरून फरफटत उन्हात आले. एक घोटा वडिलांच्या हातात होता, दुसरा काकींच्या.

गाडी पडली नाही. जराशी हलून पुन्हा होती तशी बसली. समोरच्या चहाच्या टपरीतली माणसं रस्त्यावर येऊन उभी होती. कुठेतरी पत्रा वाजत राहिला, मग तोही थांबला.

वडील खाली बसले. "पुरे झालं," ते म्हणाले. "दिवा लागलेला राहू दे. दिव्याने माणूस मरत नाही."

काकी माझ्या पाठीवरची माती झटकत होत्या. "बाय, तुझे बाबा बरोबर सांगतात. मी घेऊन जाते गाडी तशीच. यांना काय सांगायचं ते मी बघेन."

मी पाणी प्यायले, टपरीवरून चहा आला तोही प्यायले. आणि चहा पिता पिता मला दिसलं की चूक कुठे आहे. स्लीपर हलले नव्हते, हलली होती गाडी, कारण तिच्या पोटाखाली काहीच नव्हतं. भार सगळा चार चाकांवर. तिने तोल सोडला असता तर अडवायला मधे मीच होते.

"बाबा, ट्रकचे जुने टायर किती आहेत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते कळलं होतं आणि ते आवडलं नव्हतं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग उठले आणि मागच्या ढिगातून एक टायर घरंगळत घेऊन आले. आम्ही तिघांनी मिळून गाडीच्या दोन्ही बाजूंना, चॅसिसच्या खाली, टायरांच्या चळती रचल्या. वर लाकडाचे ठोकळे ठोकून गाडी त्यांवर टेकवली. चाकांना पुढून-मागून अडण्या लावल्या. वडिलांनी गाडीला खांद्याने धडका देऊन पाहिल्या. हलली नाही तेव्हा म्हणाले, "जा. पण पाय बाहेर ठेव."

दुपारी उशिरा मी पुन्हा खाली गेले. नळी थंड झाली होती म्हणून इंजिन परत तापवलं होतं. या वेळी मी एकदम जोर लावलाच नाही. थोडं सोडवायच्या दिशेने, थोडं उलट आवळायच्या दिशेने, परत सोडवायच्या, मधे स्प्रे. बाहेर वडिलांचे पाय आणि काकींची चप्पल दिसत होती. हळूहळू गोटीखाली एक बारीक किरकिर सुरू झाली, आणि ती ऐकू आल्यावर मला कळलं की हा आता येणार. आला. आट्यांत गंजाचा भुगा भरलेला होता, पण आटे शाबूत होते. आटे साफ करायचा टॅप फिरवून तो भुगा काढला, नवा सेन्सर टोकाला कशाचाही स्पर्श न होऊ देता आधी हाताने बसवला, मग पान्याने आवळला. वायर मूळ क्लिपांत अडकवली, गरम नळीपासून दूर.

बाहेर येऊन स्कॅनर लावला, जुनी तक्रार पुसली. इंजिन चालू केलं. सुरुवातीला दोन्ही रेघा सपाट होत्या, मग सेन्सर तापले आणि दोन्ही बाजूंच्या रेघा वर-खाली धावायला लागल्या, अगदी जोडीने. काकी माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"हे चांगलं का?"

"हे असंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडी न्यायला आल्या आणि मला म्हणाल्या, बस. हायवेने चारोटीपर्यंत आणि तिथून आशागडवरून डहाणूला. मी मांडीवर लॅपटॉप धरून रेघांवर नजर ठेवली होती. चारोटीनंतर वळणाचा रस्ता लागला आणि काकींनी गिअर खाली टाकला. गाडीने अशी काही झेप घेतली की मी लॅपटॉप बंद केला.

"बावीस वर्षं मी टेम्पोत पाटीवर बसून बाजार केले," त्या समोर बघत म्हणाल्या. "मग पिकअप घेतली. पिकअपमध्ये मागे माल असतो, डोक्यात पुढचा बाजार असतो. हिच्यात मागे काही नाही. हिच्यात मी फक्त जाते."

आशागडला त्यांनी एका झाडाखाली गाडी थांबवली, मला नारळपाणी पाजलं आणि पुन्हा गाडीत बसल्या. दिवा लागला नाही. त्या आठवड्यातही नाही, नंतरच्याही नाही.

काका सुट्टीवर आले तेव्हा दोघं गॅरेजवर आली. काका डावीकडच्या सीटवरून उतरले, चालवत काकी होत्या. काकांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर नवा शर्ट घातलेला असताना जमिनीवर उताणे पडून टॉर्चने गाडीच्या खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून शर्ट न झटकताच मला म्हणाले, "वायर कुठून घेतलीये ते आवडलं मला."

मग ते वडिलांकडे गेले. दोघांचं इंजिनांवर बोलणं सुरू झालं ते थांबेना. एकाची इंजिनं घराएवढी, दुसऱ्याची ट्रकची, पण तक्रारी सारख्याच निघत होत्या. मी आणि काकी बाहेर ओट्यावर बसलो.

"विकायचं नाव काढलं का?" मी विचारलं.

"काढलं. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, चला, एक चक्कर मारून येऊ, मग बोलू. डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत गेलो. परत येताना म्हणाले, मी चालवू का? मी म्हटलं, उद्या."

जाताना वडिलांनी काकांना विचारलं, या एवढ्या खालच्या गाडीत बसून वाटतं तरी कसं. काका उत्तर देणार, तर काकींनी दार उघडून धरलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि कसरत करत आत बसले. गाडी गुजरातच्या दिशेने गेली आणि काका माझ्याबरोबर ओट्यावर थांबले, चहाचा ग्लास हातात घेऊन, मागचे दोन सेन्सर अजून किती चालतील यावर माझ्याशी वाद घालत.

वडील परत आले आणि थेट आपल्या ट्रककडे वळले. जेवताना मात्र म्हणाले की खड्ड्याच्या पलीकडची जागा रिकामीच आहे, तिथे छोट्या गाड्यांसाठी उघड्यावर नीट लिफ्ट बसवता येईल का, जरा चौकशी कर.